पिंप्राळ्याच्या बोअरमधला ज्वालामुखी

जळगाव शहराला लागून असलेले आणि आता महापालिकेच्या हद्दीत आलेले पिंप्राळा लोकांना ठाऊक आहे ते आषाढी एकादशीच्या रथोत्सवामुळे. या गावाचे ज्वालामुखीशी काही नाते असेल, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण या परिसरात कुठेही बोअरची गाडी उभी राहिली, की ते नाते भुकटीच्या रूपाने बाहेर पडू लागते. आधी काळी माती निघते, मग मुरूम, मग बिट काळ्या पाषाणाला भिडते आणि करड्या धुळीचा लोट उडतो. आणखी खाली गेल्यावर त्या करड्या भुकटीत पांढरे, चमकणारे कण दिसू लागतात. बोअरवाला सावध होतो, कारण या छिद्राछिद्रांच्या, गारगोट्यांनी भरलेल्या खडकात पाणी लागण्याची शक्यता जास्त असते. मध्येच भुकटी विटकरी होते. तांबडी माती लागली! आता बोअर ढासळू नये म्हणून केसिंग आणखी खाली घ्यावे लागणार. त्या तांबड्या थराखाली पुन्हा काळा पाषाण सुरू होतो.

हा क्रम म्हणजे लाव्हाच्या प्रवाहांची चळत आहे. कठीण काळा पाषाण हे एका प्रवाहाचे पोट. त्यावरचा सच्छिद्र भाग हा त्याचा माथा. लाव्हा थिजत असताना त्यातले वायूचे बुडबुडे वर चढले आणि वरच्या सायीखाली अडकले. पुढे लाखो वर्षे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत क्वार्ट्झ आणि झिओलाइट वर्गातली खनिजे भरली. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींत सापडणारे अ‍ॅपोफिलाइट आणि स्टिलबाइटचे स्फटिक आज जगभरच्या संग्राहकांकडे ‘जळगाव’ असे लेबल लावून ठेवलेले असतात, ते याच बुडबुड्यांतून आलेले. आणि तांबडा थर? तो दोन प्रवाहांमधला काळ. एक प्रवाह थंड झाला, ऊनपावसाने त्याच्या पृष्ठभागाची झीज झाली, माती तयार झाली, आणि मग दुसरा प्रवाह येऊन त्या मातीला भाजून गेला.

तापीकाठच्या यावल-रावेर पट्ट्यात मात्र बोअर खोलवर जाऊनही पुष्कळदा पाषाणापर्यंत पोचत नाही. तिथे नदीने आणि सातपुड्यावरून येणाऱ्या नाल्यांनी आणून टाकलेला गाळ फार जाड आहे. केळीच्या बागा त्याच गाळावर उभ्या आहेत. तो गाळही बराचसा याच खडकाच्या झिजेतून आलेला.

ज्वालामुखी कसे उद्रेक पावतात आणि त्यांच्यापासून कोणते धोके संभवतात, हा या पुस्तकाचा विषय. असे पुस्तक हाती घेताना मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जपानचा फुजियामा किंवा इटलीचा व्हेसुव्हियस येतो : निमुळता डोंगर, शेंड्याला खड्डा आणि त्यातून उसळणारी आग. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या उद्रेकांनी घडवला, त्यांत असा डोंगर शोधून सापडत नाही. तिथे जमीन उभी चिरली आणि लाव्हा त्या भेगांमधून बाहेर आला. म्हणून या विषयाची सुरुवात फुजियामापासून न करता धुळ्यापासून करणे अधिक रास्त आहे.

धुळे, साक्री, दोंडाईचा आणि नंदुरबार यांच्या दरम्यान प्रवास करताना सपाट मुलखातून मध्येच एखादी अरुंद, सरळ टेकडी उठलेली दिसते. ती कित्येक किलोमीटर जवळजवळ पूर्व-पश्चिम धावते. तिच्या समांतर थोड्या अंतरावर दुसरी, मग तिसरी. या भित्ती आहेत. जमिनीतल्या भेगांमध्ये थिजलेला शिलारस. आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि भेगेतला कठीण दगड उभा राहिला. भूवैज्ञानिकांनी या पट्ट्यात २०० हून अधिक मोठ्या भित्ती नोंदवल्या आहेत. त्यांतली सर्वांत लांब सुमारे ७९ किलोमीटरची आहे, आणि जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत आढळते. एखाद्या भित्तीच्या कापलेल्या भागाशी उभे राहिले, तर तिची घडण स्पष्ट दिसते. कडेचा दगड अगदी बारीक पोताचा, कारण तो थंड खडकाला टेकून झटकन थिजला. आत जावे तसे कण मोठे होतात, कारण मधला रस सावकाश निवला. निवताना आकसून पडलेल्या तड्यांमुळे दगडाचे पैलूदार खांब बनतात. हे खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात, म्हणून मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलमध्ये ते उभे आहेत आणि भित्तीत आडवे. विहिरी खणणाऱ्यांना या भित्तींचा वेगळाच अनुभव असतो. भित्ती भूजल अडवते. तिच्या एका अंगाच्या विहिरीला पाणी असते आणि पलीकडची कोरडी राहते.

यांतली प्रत्येक भेग पृष्ठभागापर्यंत पोचली असे नाही. काही वाटेतच थिजल्या. कोणत्या भित्तीने कोणता लाव्हाप्रवाह पुरवला, हे दगडांची रासायनिक घडण ताडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ते काम अजून चालूच आहे.

हे सगळे घडले सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. भूगर्भातून वर आलेल्या अतितप्त खडकाच्या लोंढ्यावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत होता. खोलवरचा खडक तप्त असूनही घनच असतो, कारण त्याच्यावर दाब प्रचंड असतो. तो वर येऊ लागला की दाब उतरतो आणि उष्णता न वाढताही त्याचा काही भाग वितळतो. हा शिलारस भोवतालच्या खडकाहून हलका असल्याने वाट काढत वर चढतो, कवचात साठतो आणि दाब पुरेसा झाला की कवच फोडतो. दख्खनमध्ये हे पुन्हा पुन्हा झाले. बहुतेक लाव्हा दहा लाखांहून कमी वर्षांत बाहेर पडला, आणि आज झिजून उरलेले आवरणही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर जे छिद्र घेतले, त्यात या थरांची जाडी ३३८ मीटर भरली. पश्चिमेकडे सह्याद्रीत ती कितीतरी अधिक आहे. काही प्रवाह तर हजार किलोमीटर वाहत आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत गेले. बेसॉल्टचा, म्हणजे या काळ्या पाषाणाचा, लाव्हा बाहेर पडताना ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. इतक्या लांब तो गोठल्याशिवाय गेला, कारण वर थिजलेली साय आतल्या रसाची उष्णता धरून ठेवते; आतून रस येत राहतो, साय वर उचलली जाते आणि प्रवाह एकाच वेळी फुगत व पुढे सरकत राहतो. अजिंठ्याची लेणी कोरणाऱ्यांनी वाघूर नदीच्या काठी हेच प्रवाह आतून पोखरले.

ज्या स्रोताने दख्खन घडवला, तो अजून विझलेला नाही. भारत उत्तरेला निघून आला आणि तो स्रोत हिंदी महासागराखाली राहिला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. आज रियुनियन बेटावरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी त्याच्यावर आहे, आणि तो जगातल्या वारंवार उद्रेक होणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक आहे. शेजारचे मॉरिशस त्याच साखळीतले, आधी तयार झालेले बेट. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आजही मराठी सण पाळतात. सह्याद्रीच्या पायथ्याची गावे सोडून ती माणसे ज्या काळ्या दगडावर उतरली, त्याचा उगम आणि सह्याद्रीचा उगम एकच मानला जातो. भूगोलाच्या पुस्तकात ही गोष्ट असायला हवी होती, असे प्रामाणिकपणे वाटते.

आता धोक्यांकडे. इथे सर्वांत मोठा गैरसमज लाव्हाविषयी आहे. लाव्हा घरे, शेते आणि रस्ते गिळतो. पण सहसा तो इतका सावकाश सरकतो की माणसाला पळून जाता येते. ज्वालामुखीने घेतलेल्या बळींत लाव्हाचा वाटा लहान आहे. मोठा वाटा आहे तो वायू, राख, चिखल, समुद्राच्या लाटा आणि नंतर येणाऱ्या उपासमारीचा.

भेगांमधून होणाऱ्या उद्रेकाचा धोका माणसाने एकदा जवळून पाहिला आहे. ८ जून १७८३ रोजी आइसलँडमध्ये लाकी इथे जमीन फाटली. भेगांची रांग सुमारे २७ किलोमीटर लांब होती आणि उद्रेक आठ महिने चालला. सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा निघाला, आणि त्याबरोबर सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड. फ्लोरीन गवतावर उतरले. ते गवत खाऊन मेंढ्यांची हाडे आणि दात विद्रूप झाले, आणि देशातले निम्म्याहून अधिक पशुधन मेले. त्यानंतरच्या दुष्काळात आइसलँडची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या गेली. त्या उन्हाळ्यात युरोपवर गंधकाचे कोरडे धुके पसरले आणि इंग्लंडमध्येही मृत्यूंचे प्रमाण वाढले. लाकीचा १५ घन किलोमीटर लाव्हा एका बाजूला ठेवावा आणि दख्खनमधल्या एकेका मोठ्या उद्रेकातला हजारो घन किलोमीटर लाव्हा दुसऱ्या बाजूला. मग त्या काळच्या हवेची काय गत झाली असेल, याचा अंदाज येतो.

डायनोसॉर याच सुमारास नाहीसे झाले. मेक्सिकोतल्या चिक्शुलुब इथे आदळलेला लघुग्रह हे त्याचे प्रमुख कारण, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. दख्खनच्या वायूंनी आधीच सृष्टी दुबळी केली होती का, की आघातानंतर तिला सावरू दिले नाही, यावर वाद आहे. उद्रेकांचे वय अधिकाधिक काटेकोर मोजणारे दोन अभ्यास २०१९ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि त्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत. दुसरी बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रवाहांच्या मधल्या शांत काळात इथे तळी साचत, त्यांत जीव वाढत. नागपूरजवळच्या टाकळीला स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला असे जीवाश्म शोधले. मुंबईत वरळीच्या थरांत तर त्या काळचे बेडूक सापडले आहेत.

सगळे शिलारस खानदेशातल्यासारखे पातळ नसतात. कोणता ज्वालामुखी वाहील आणि कोणता फुटेल, हे मुख्यत्वे दोन गोष्टींवर ठरते : रसात सिलिका किती आणि वायू किती. चुलीवरचे पातळ वरण गुपचूप उकळते, कारण बुडबुडे सहज निसटतात. घट्ट पिठले मात्र भांड्याबाहेर थडाथड उडते. सिलिका जास्त असली की रस घट्ट होतो, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड आत कोंडतात, आणि वर चढताना दाब कमी झाला की ते एकदम फुगून रसाच्या चिंधड्या करतात. त्या चिंधड्या म्हणजेच राख. लाकडाच्या राखेशी तिचे काही साम्य नाही. ती धारदार काचेची आणि दगडाची भुकटी असते.

अशी राख आणि वायू यांचा ढग पुरेसा उंच चढू शकला नाही, तर तो डोंगराच्या उतारावरून खाली कोसळतो. शेकडो अंश तापलेला तो लोट कोणत्याही मोटारीपेक्षा वेगाने येतो, आणि त्याच्यापासून सुटका नसते. ८ मे १९०२ रोजी कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर माउंट पेलेने सेंट पियेर हे शहर असे काही मिनिटांत संपवले; सुमारे २८,००० माणसे गेली. १८८३ मध्ये क्राकातोआच्या उद्रेकात ३६,००० हून अधिक मृत्यू झाले, ते मुख्यतः समुद्राच्या लाटांनी. आणि २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री कॅमेरूनमधल्या न्योस तळ्यातून स्फोट, आग, लाव्हा यांपैकी काहीही न येता फक्त कार्बन डायऑक्साइड उसळला. हवेपेक्षा जड असलेला तो वायू दरीत उतरला आणि सुमारे १,७०० माणसे गुदमरली.

भारताच्या वाट्याला जिवंत ज्वालामुखी एकच आला आहे, अंदमानातले बॅरन बेट. दीड शतकाहून अधिक शांततेनंतर तो १९९१ मध्ये जागा झाला. २३ जानेवारी २०१७ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखालचे पथक त्याच्या जवळ समुद्रतळाचे नमुने गोळा करत असताना त्याने राख फेकायला सुरुवात केली. पथकाने जहाज सुरक्षित अंतरावर नेऊन निरीक्षणे चालू ठेवली. दिवसा फक्त राखेचे ढग दिसत होते; सूर्यास्तानंतर तोंडातून उसळणारे तांबडे लाव्हाचे फवारे आणि उतारावरून येणारे ओघळ दिसू लागले. बेटावर वस्ती नाही, म्हणून ही बातमी चार ओळींत संपली. नाहीतर पोर्ट ब्लेअरपासून (आताचे श्री विजयपुरम) सुमारे १४० किलोमीटरवर घडणाऱ्या या घटनेचे महत्त्व मोठे आहे.

दूरच्या ज्वालामुखीचा धोका आपल्यापर्यंत पोचतो तो मुख्यत्वे हवेतून. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातला हायली गुब्बी फुटला. राख सुमारे १४ किलोमीटर उंच गेली, लाल समुद्र ओलांडून येमेन-ओमानवरून दुसऱ्या दिवशी पश्चिम आणि उत्तर भारताच्या आकाशात आली, आणि विमान कंपन्यांना उड्डाणे रद्द करावी लागली. जमिनीवरच्या माणसाला त्या राखेचा काही त्रास नव्हता, इतक्या उंचीवरून ती पुढे निघून गेली. पण विमानाच्या इंजिनात ती काच वितळते आणि पात्यांवर चिकटून बसते. २४ जून १९८२ रोजी जावा बेटावरच्या गालुंगगुंगच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जंबोची चारही इंजिने बंद पडली होती. वैमानिकांनी विमान राखेच्या ढगाबाहेर खाली आणल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्ताला उतरले. आज जगभर राखेवर लक्ष ठेवणारी नऊ केंद्रे आहेत, ती अशाच अनुभवांतून उभी राहिली.

पुस्तकातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग चिखलाचा आहे. कोलंबियातला नेवादो देल रुईझ १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री फुटला. उद्रेक तसा लहान होता, पण त्याने शिखरावरचे बर्फ वितळवले. पाणी, राख आणि दगड यांचा लोंढा नदीच्या पात्रातून सुमारे अडीच तासांनी आर्मेरो शहरात शिरला. २३,००० च्या आसपास माणसे मेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार झालेला होता आणि आर्मेरो त्यात दाखवलेले होते. हाताशी अडीच तास असताना लोकांना उंचावर नेले गेले नाही. सहा वर्षांनी, १५ जून १९९१ रोजी, फिलिपाइन्समधला पिनातुबो त्याहून कितीतरी पटींनी मोठ्या ताकदीने फुटला. पण तिथल्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी आधीच्या दोन महिन्यांत भूकंपांची आणि वायूंची मोजमापे घेऊन धोक्याच्या पायऱ्या ठरवल्या होत्या, आणि हजारो लोकांना वेळेत हलवण्यात आले. जे दगावले त्यांतले बरेचसे छपरे कोसळून मेले, कारण त्याच दिवशी वादळ आले आणि पावसाने भिजलेली राख घरांवर जड झाली. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या कुणालाही हा तपशील समजावून सांगावा लागत नाही.

खानदेशातल्या वाचकाच्या मनात एक प्रश्न उरतो आणि त्याचे सरळ उत्तर दिले पाहिजे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गायमुखातून गरम पाणी येते. मग खाली अजून आग आहे का? नाही. पावसाचे पाणी तापी खोऱ्यातल्या भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. खानदेशात किंवा महाराष्ट्रात पुन्हा लाव्हा निघेल, असे मानायला आज कोणताही आधार नाही. शेतात ‘लाव्हा निघाल्या’चे व्हिडिओ अधूनमधून मोबाइलवर फिरतात. त्यांच्यामागे पुष्कळदा उच्च दाबाची वीजतार किंवा बिघडलेला खांब असतो. विजेने माती वितळते. अशा जागी बघायला गर्दी करणे जिवावर बेतू शकते, कारण तिथे धोका विजेचा असतो. शेजारच्या बुलढाण्यातले लोणार सरोवरही पूर्वी ज्वालामुखीचे तोंड समजले जाई. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथल्या खडकात आघाताच्या खुणा दाखवल्या गेल्या आणि बेसॉल्टमध्ये उल्का आदळून ते बनले, हे स्पष्ट झाले.

पुढच्या प्रकरणांत हे सारे विस्ताराने येईल : रस कसा साठतो, उद्रेकाची पूर्वसूचना कशी मिळते, राख पडू लागली तर काय करायचे. वाचकाने ती प्रकरणे वाचताना जवळचा एखादा दगड हाताशी ठेवावा, एवढी विनंती. मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र, खडकाचा तुकडा असेल तर उत्तम. त्यातली छिद्रे एका बाजूला दाटलेली दिसली, तर ती प्रवाहाच्या माथ्याची बाजू असण्याचा संभव मोठा.

आणि एक तातडीची गोष्ट. रस्ते आणि घरे वाढत आहेत, तशी खडीची मागणी वाढते आहे, आणि भित्तीचा दगड कठीण व हाताशी असल्याने क्रशरवाल्यांची नजर तिच्यावर जाते. एकदा सुरुंग लावून फोडली, की त्या भेगेची जाडी, दिशा, कडेचा बारीक पोत, आतले आडवे खांब यांची नोंद कायमची जाते. खडी बंद करा असे कुणी म्हणणार नाही. पण जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या महाविद्यालयांतल्या भूगोल आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातल्या भित्ती मोजून, छायाचित्रे आणि नमुने घेऊन ठेवले, तर हे काम एका हंगामात पुष्कळ पुढे जाईल. त्यासाठी लागते टेप, होकायंत्र, हातोडी आणि मोबाइलमधले जीपीएस. गिल्बर्ट हिलला वारसास्थळाचा दर्जा मिळालेला आहे. साक्री-नंदुरबारकडची एखादी लांब, अखंड भित्ती त्याच तोलाची आहे, आणि ती अजून जागेवर आहे.